नऊशे सेकंद

राइली निवृत्त झाली आणि माझ्याकडे आलं
लिएक्साच्या लाकूड-गिरणीतलं हे वजनकाट्याचं केबिन,
एक कुरकुरणारा हीटर, लोकरी आसन घातलेली खुर्ची,
आणि कॉम्प्युटर, ज्याच्या पडद्यावर
एकही फाइल नव्हती. नुसत्या पाऊलवाटा होत्या.

पाच चित्रं. प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात
नखाएवढा वाकडा बाण.
मी ती वस्तू नव्हे, सांगत असतो तो बाण,
मला फक्त तिचं घर माहीत आहे.

बारसं तिनंच केलेलं.
झाडाच्या चित्राखाली 'कॉफीच्या आधी':
दोनदा टिचकी, की नोंदवही उघडते
ती थेट आजच्या कोऱ्या ओळीवर.
किल्लीखाली 'वेइक्को आला':
परवाना, पावती, प्रिंटर, तिन्ही एका दमात,
कारण वेइक्को ट्रकमधून उतरत नाही,
नुसता हॉर्नवर कोपर टेकून बसतो.
'रस्ता कसाय' म्हणजे नुर्मेसकडचा बर्फ.
'हेड ऑफिसला गप्प कर' म्हणजे महिन्याचा अहवाल.
पाचवं चित्र चंद्राचं. नावाच्या जागी
एक आडवी रेघ.

तिसऱ्या दिवशी मी तो चंद्र दाबला.
बाहेर उणे सत्तावीस, काट्यावर एक ट्रक,
त्याच्यामागे फाटकापर्यंत सहा.
पडद्यावर चौकट आली:
पंधरा मिनिटांत हे यंत्र बंद होईल.
चौकट मिटवली, तरी ती खरं बोलत होती
हे मला कळत होतं.

राइलीला फोन लावला.
ती तळ्यावर होती, जाळ्यासाठी बर्फाला भोक पाडत.
ऐकून इतकी हसली
की हातातली पहार खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अरे तापानी, ते माझं घरी जाणं आहे.
मी आपली आपण उठत नाही रे.
हा एक ट्रक, मग हा एक,
मग एवढी बेरीज जुळवते नि निघते,
असं करत रात्रीचे नऊ व्हायचे.
म्हणून यंत्रालाच सांगून ठेवलं,
मी ऐको न ऐको, तू बंद हो."

आणि आता?

"कचऱ्याच्या टोपलीमागे बघ."

टोपली बाजूला ओढली. तिच्याखाली
सहावं चित्र, दडून बसलेलं: 'थांब जरा'.
दाबलं. चौकट आली, बंद होणं रद्द.
ट्रकवाल्यांना यातलं काहीच कळलं नाही.

मी विचारलं, दोन्हीतलं जास्त काय वापरायचीस?
पलीकडून नुसता वारा.
"काट्याकडे बघ," म्हणाली, आणि ठेवला.

संध्याकाळी चंद्राचं पोट उघडून पाहिलं:
एक हुकूम, दोन तिरप्या रेघा, नऊशे हा आकडा.
वजन एक केबी.
दिवसभर ओंडके तोलणाऱ्या माणसाला
हे वजन लिहायचं कुठे कळेना.
कीबोर्ड उचलून झटकला तर खाली चिठ्ठी,
तिच्या अक्षरात, पेन्सिलीनं:
३६०० खोडलेलं.
१८०० खोडलेलं.
९०० खाली दोन रेघा.
किती वर्षांत उतरली असेल ती
तासावरून पाव तासावर, कोण जाणे.
चिठ्ठीवर तारखा नाहीत.

चिठ्ठी परत होती तिथे ठेवली.
मग पडद्याच्या मोकळ्या जागेवर
उजवं बटण, नवीन, शॉर्टकट.
कुठे न्यायचंय, विचारलं त्यानं. लिहिलं.
पुढे, म्हटलं. मग विचारलं, नाव?

सहाशे ठेवले होते मी. मी तरणा आहे,
माझी गाडी फाटकाशीच असते.
पण नाव सुचेना. 'घर' लिहून पुसलं.
'पुरे' लिहिलं, ते मुकादमासारखं वाटलं.

तेवढ्यात खिडकीवर दिव्यांचा झोत
आणि तो हॉर्न.
किल्ली दाबली. प्रिंटर खाकरला.
अठ्ठेचाळीस टन सहाशे, पाइन, साल ओली.
मागच्या चौकटीत कर्सर
अजून लुकलुकतोय.