शून्यावरची चांदणी

एप्रिल सरता सरता हिंगण्याच्या एमआयडीसीत
पत्रे तापून बोलायला लागतात,
तेव्हा आमच्याकडे शाश्वतता अहवालाचा हंगाम असतो.
तीन रकाने : अर्थ, पर्यावरण, समाज.
पहिला लेखा विभागातून येतो, इस्त्री करून.
दुसऱ्यासाठी मी मीटरपाशी उभी राहते.
तिसरा,
पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा,
उरेल ते त्याच्या पानात.

आधारवर्ष आम्ही विचार करून निवडलं आहे.
त्या साली जुनी भट्टी रात्रंदिवस धूर ओकत होती.
तिच्याशी तोलून पाहिलं की
दरसाल आम्ही थोडे थोडे सज्जन होत जातो.
मलाही असं एखादं वर्ष निवडता आलं असतं,
बारावीचं, नाहीतर काटोल रोडवरच्या भाड्याच्या खोलीतलं,
म्हणजे आज जे काही आहे
ते सगळं प्रगतीत धरलं गेलं असतं.

पाणी : बासष्ट टक्के पुन्हा वापरलं.
उरलेले अडतीस कुठे जातात ते नाल्याला ठाऊक,
आणि नाला हितसंबंधितांच्या यादीत नाही.

रोपं लावली : पाच हजार.
जगली किती, हा रकाना ऐच्छिक.
एका रविवारी मीच गेले टेकडीमागे,
डोक्याला दुपट्टा, हातात बाटली,
मोजत मोजत सहाशे बारापर्यंत आले.
सहाशे तेरावं बकरीच्या तोंडात होतं.
राखणारं पोट्टं मला म्हणालं,
‘हे धरता का जी मोजणीत?’

वाया गेलेले तास : शून्य.
या ओळीचा साहेबांना फार अभिमान.

फेब्रुवारीत ओतकामावर वासुदेव हेडाऊच्या
उजव्या बुटात लोखंडाचा एक थेंब शिरला.
रुपयाएवढाच.
दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची गाडी
गोळीबार चौकातल्या त्याच्या बोळाशी उभी.
दोघांनी धरून आणलं त्याला,
टाइम ऑफिसात बसवलं, पुढ्यात गेटपासांचा गठ्ठा.
नऊ दिवस तो तारखेप्रमाणे पास लावत होता.
हजर माणसाचे तास वाया जात नाहीत.

मी विचारलं तेव्हा हसला.
‘लिहून टाका ना मॅडम, बसून होतो.
खुर्ची बरी होती, कूलर होता.
रात्री तेवढा पाय ठणकून राहिला होता.’

रात्रीचा ठणका आमच्या कुठल्याच निर्देशकात बसत नाही.
पाळी संपलेली असते.

मग मी त्या शून्याच्या डोक्यावर एक चांदणी काढली,
आणि पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात लिहिलं :
एक माणूस, उजवा पाय, नऊ दिवस. बसून होता.

पुण्याहून आलेल्या तपासनिसाने चष्मा कपाळावर नेला.
साहेबांनी ताक मागवलं.
बराच वेळ उन्हाविषयी बोलणं झालं,
यंदा सत्तेचाळीसला जाईल म्हणे.
संध्याकाळी टीप गेली होती. जागेअभावी.

चांदणी मात्र राहून गेली.
कोणाच्या लक्षातच आली नाही,
ना साहेबांच्या, ना छापखान्यात.
तीनशे प्रती, चकचकीत कागद,
मुखपृष्ठावर एक हिरवंगार पान,
आमच्याकडचं नव्हे.

जूनच्या ग्रामसभेत मराठी प्रती वाटल्या.
वीज गेली होती, लोक त्यांनीच वारा घेत होते.
मागच्या रांगेतून एक बाई उठली,
पान तेरा डोळ्यांजवळ धरून.
‘या शून्यावर ही चांदनी कायची हाये जी?’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
बॅटरीवरचा माईक उन्हात पडून तापला होता.
मी तो दुपट्ट्यात धरून उचलला.