पाणी आलं

पहिल्या दिवशी तिनं विचारलं, पाणी कधी येतं?
मी चार बोटं दाखवली.
तिला वाटलं, चार वाजता.
बादली घेऊन दोन तास नळापाशी बसली बिचारी,
गल्लीतली पोरं हसत होती, तीही हसत होती.
चौथ्या दिवशी मात्र
माझ्याआधी तिची घागर नळाखाली.

सेलामावित तिचं नाव. गल्लीनं त्याची सलमा केली,
मग सलमाक्का.
इथिओपिया कुठं आलं, विडीच्या कारखान्यात
कुणालाच ठाऊक नव्हतं.
'हैदराबादच्या पुढं,' मी ठोकून दिलं.
आमचे मामंजीही तिकडूनच आलेले की,
करीमनगरहून, एक धोटा आणि एक ट्रंक घेऊन.
पन्नास वर्षं सोलापुरात काढली,
पैसे मात्र शेवटपर्यंत तेलुगूतच मोजले.

तिला दिलेली खोली म्हणजे मागाची जागा.
माग भंगारात घातला, वर फरशी बसवली,
तरी एक कोपरा खचतोच.
तिची खाट तिथं डुगडुगते.
पायाखाली तिनं औषधांच्या खोक्याचा पुठ्ठा घातलाय.
एक ट्रंक, दोन ताटल्या, भिंतीवर लाकडी क्रूस,
खिळ्याला पांढरी शाल.
त्या शालीचा काठ ह्यांनी दोन बोटांत धरून बघितला.
'हातमाग,' म्हणाले, 'ताणा सैल आहे, पण हात चांगला.'
तीन वर्षांत कापडाविषयी
पहिल्यांदाच काही बोलले.

बुधवारी तिला दूध चालत नाही, शुक्रवारी चालत नाही,
ईस्टरच्या आधी तर दोन दोन महिने.
मी म्हटलं, बाई, तू आमच्यापेक्षा कडक.
मी माझं सगळंच सोडलं होतं.
माग गेला त्या दिवसापासून
मार्कंडेयाच्या देवळाची पायरी चढले नव्हते.
भांडण होतं, दुसरं काय.

पहाटे ती गच्चीवर उभी राहते, शाल डोक्यावरून,
पूर्वेकडं तोंड करून.
मध्येच कपाळ जमिनीला टेकवते.
एकदा वाळलेले कपडे काढता काढता विचारलं,
काय मागितलंस गं?
बराच वेळ शब्द शोधत राहिली.
'मागितलं नाही. सांगितलं.
आईचा गुडघा दुखतो. परीक्षा अवघड. पाणी आलं.'

पाणी आलं, हेही सांगायचं?

एप्रिलात ती रडली. घरचा घास आठवला म्हणून.
तिकडचं ते बारीक धान्य इथं कुठं मिळायचं,
मी मालदांडीचं पीठ दिलं.
तिनं पातळ भिजवून झाकून ठेवलं, म्हणाली तीन दिवस.
सोलापूरचं ऊन! दीड दिवसातच
पीठ भांड्याबाहेर.
तव्यावर गोल ओतलं, भोकाभोकाचं, मऊ, आंबट.
आम्ही ज्वारी थापून, वाळवून कडक करतो,
तिची ज्वारी ओल्या पंच्यासारखी घडी पडते.
ह्यांनी शेंगाचटणी लावून चार खाल्ल्या.

मग तिनं एक तुकडा तोडला, गुंडाळला,
आणि सरळ माझ्या तोंडात घातला.
तिच्याकडं अशीच रीत, म्हणे, ज्याच्यावर जीव त्याला.
आमच्यात लग्नाच्या दिवशी एकदा घालतात,
नंतर कोण घालतंय.
ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

'ज्वारी मुळात आमच्याकडचीच,' ती म्हणाली,
'सर शिकवत होते.'
'हट्,' मी म्हटलं, 'मंगळवेढ्याची.'
अशा भांडलो, जशा सख्ख्या बहिणी,
मी तेलुगूत, ती तिच्या भाषेत,
मराठी दोघींनाही पुरेना.
रात्री पानं कातरताना मात्र वाटलं,
असेलही.
कुणाच्या तरी गाठोड्यातून आली असेल,
इथली काळी माती बघून राहिली असेल.

काल पाणी रात्री दोनला आलं.
तिचा सकाळी पेपर, तिला उठवलं नाही.
तिची घागर भरली, माझ्या भरल्या,
पिंप भरलं, तांब्यासुद्धा.
ओल्या पायांनी कोनाड्यापुढं उभी राहिले.
काडेपेटी काही सापडली नाही,
अंधारातच म्हटलं,
बघ, पाणी आलं.