मधला सी गप्प

डॉक्टर हत्तुऱ्यांनी चिठ्ठीवर
गोळ्यांच्या नावांच्या वर एक शब्द लिहिला.
कंपाउंडरला तो लागेना.
माझ्या खांद्याला कॉलेजची बॅग,
म्हणून त्याने चिठ्ठी माझ्याकडे फिरवली.

स्किंटी... म्हणाले मी आणि अडकले.
पडद्याआडून डॉक्टर म्हणाले,
"सिंटिलेशन. मधला सी गप्प."

अम्मा बाकावर बसली होती.
तीही गप्प.
बाराव्या वर्षापासून विड्या वळते,
दिवसाला हजार,
आणि डोळ्यांपुढे चमकायला लागलं की
मांडीवरचं सूप न हलवता
डोळे मिटून वळत राहते.
बोटांना कुठे लागतात डोळे?
आम्ही समजायचो, डुलकी लागली.

नक्की काय दिसतं, असं
त्या दिवशी तिला पहिल्यांदा कुणी विचारलं.
ती आधी माझ्याकडे बघून हसली,
मग हवेत बोटाने काढून दाखवू लागली :
पहिला एक ठिपका. मोहरीएवढा.
मग तो फाटतो, वाढतो,
कडेनं नागमोडी, आपल्या चादरीच्या काठाला असते तशी,
पण चालती. माग बंद करायचा विसरल्यासारखी.
"आणि मधे काहीच नसतं, डॉक्टरसाहेब.
आता आलं तर तुमचं नाक जाईल."
डॉक्टरांनी नाकाला हात लावून पाहिला.

रात्री मी डिक्शनरी काढली,
चाटी गल्लीतल्या रद्दीवाल्याकडची, 'ए'ची पानं गेलेली.
सिंटिलेशन म्हणजे ठिणगी उडणं,
ताऱ्यांचं लुकलुकणं, हिऱ्याचं लखलखणं,
आणि हुशार माणसाचं चुरचुरीत बोलणं.
बाईचं डोकं कुठेच नव्हतं.
मी पेन्सिलीने समासात लिहिलं,
अक्षर बारीक ठेवून.

अम्माने तो शब्द तीनदा म्हणून घेतला.
"मिणुगुरु म्हणतो की आपण," ती म्हणाली,
"शाळेत तुम्ही काजवे म्हणता.
पण हे बरंय. हे औषधासारखं लागतंय."

सोमवारी कारखान्यात
चेकर इरप्पाने तिची छाट काढली, साठ विड्या.
वीस वर्षं ती त्याला सांगत आलेली, डोकं दुखतंय,
वीस वर्षं तो म्हणत आलेला, कुणाचं नाही दुखत?
त्या दिवशी तिने सूप खाली ठेवलं
आणि म्हणाली, "मला सिंटिलेशन आहे."
इरप्पाची पेन्सिल वहीवरच थांबली.
"कधीपर्यंत?"
"बुधवारपर्यंत."
त्याने लिहून घेतलं. कसं लिहिलं, देव जाणे,
पण सुट्टी मिळाली. घरी येऊन ती
भर दुपारी, दार लोटून, आडवी झाली.
मी इतक्या उजेडात तिला झोपलेली
कधी पाहिलीच नव्हती.

पुढच्या महिन्यात नरसव्वाला झालं.
मग अंबूबाईला, मग मेहरूनभाभीला.
तोंडातोंडांतून शब्द झिजला,
सिंतलेशन, शिंतल्या,
"आज शिंतल्या आलाय गं," असं
माहेरच्या कुणा वांड भावासारखं त्याचं नाव निघू लागलं.
इरप्पाच्या वहीत तेवढा एकच इंग्रजी शब्द,
चार पद्धतींनी लिहिलेला.
सी मात्र चौघींतही नाही.

एप्रिलातल्या एका रविवारी
गोळ्या घेऊन परतताना आम्ही
सिद्धेश्वर तळ्याच्या काठी टेकलो.
ऊन बरोब्बर डोक्यावर.
पाण्यावर काहीतरी बारीक बारीक
फुटत होतं, जुळत होतं, परत फुटत होतं,
एका कडेपासून दुसरीकडे सरकत.
मला वाटलं, आता म्हणावा तो शब्द,
पूर्ण, स्वच्छ, डिक्शनरीतला,
एकदा तरी त्याच्या जागेवर.

अम्माने पदर डोळ्यांवर ओढला होता.
आतूनच बघत होती.
"कधीपासून दुखतंय गं," ती म्हणाली,
"ह्या तळ्याचं डोकं?"