उन्हाची वहिवाट

वकील पारसनीसबाई फाइल मिटून म्हणाल्या,
वीस वर्षं लागतात.
खिडकीतून वीस वर्षं अखंड उजेड आला
तर त्याची वहिवाट होते,
कोर्ट निदान ऐकून तरी घेतं.
आणि तुमची पॅनेलं?
सहा वर्षं, मी म्हणाले. पाडव्याला सात.
मग अजून तेरा,
असं त्यांनी पेन्सिलीनं मांडलं,
जणू तोवर टॉवर थांबणार आहे.

टॉवर माझ्या रो-हाउसच्या दक्षिणेला,
नेरुळच्या आमच्या सेक्टरात,
आज एकोणिसाव्या स्लॅबवर.
मार्गशीर्षात त्याची सावली गेट ओलांडते,
जिना न चढता गच्चीवर येते
आणि दोन चाळीसला तिसऱ्या पॅनेलवर बसते.
मी वहीत वेळ लिहिते.
हे असते तर म्हणाले असते, सावलीची हजेरी घेतेस?
घेते.
बिलातून माझे युनिट वजा व्हायचे,
ऑक्टोबरात एकशे बारा,
गेल्या महिन्यात एकोणचाळीस.
बिल्डरचा माणूस पेढे घेऊन आला,
म्हणाला, मॅडम, ऊन काय सातबाऱ्यावर असतं?
पेढा चांगला होता.

हरकतीचा अर्ज लिहायला गच्चीतच बसले.
'आमच्या हक्काच्या सूर्यप्रकाशास' इथवर आले
आणि पलीकडे गोमाबाई तांडेल दिसल्या,
सुकट पसरताना,
पार कठड्याच्या टोकाला, एका चिंचोळ्या पट्टीत.
मधली सगळी गच्ची रिकामी, गार.
तिच्यावर माझ्या स्टँडचे आठ फुटी पाय
आणि बारा काळे चौकोन
लांबच लांब पडलेले.

कधीपासून? मी विचारलं.
त्यांनी परात खाली ठेवली नाही.
"तुझा पत्रा आला तवापासून.
आपला काय गो, चटई सरकवली."
आणि पायानंच दाखवलं,
आधी इथं. मंग इथं. आता इथं.
"सासूच्या टायमाला तुझ्या घराखाली मिठागर व्हता.
तवा ऊन गोणीत भरायचे."

मी वहीचं नवं पान काढलं.
दोन चाळीस झाले होते.
'हक्काच्या' हा शब्द खोडला नाही,
पण पेन त्याच्यापुढं टेकून राहिलं
आणि तिथं शाईचा डाग फुगला.
मग वेल्डरला फोन लावला,
स्टँडचे पाय अडीच फूट कापायचे
तर किती घेशील?
तो म्हणाला, बघून सांगतो.

अर्जाची मुदत मंगळवारपर्यंत आहे.