ळ

बर्तन बाजारात नावं घालणारे पाचजण बसत.
चौघांना ळ येत नसे.
म्हणून रामबागेतले, नारायण बागेतले लोक
मधली चार दुकानं ओलांडून
बाबांच्या पाटापर्यंत येत,
पिशवीतून पातेलं काढत आणि म्हणत,
आम्ही काळे. तेवढं सांभाळा.

अक्षराला दहा पैसे. काना-मात्रा फुकट.
घरी जाऊन अनुस्वार आठवला तर तोही फुकट.

बाबांचा ळ एकोणीस टिंबांचा.
डावा वाटोळा नऊ, उजवा नऊ,
आणि मधलं एक
दोघांच्या मालकीचं.

आज माझ्या टेबलावर घंगाळ आहे.
जेल रोडवरच्या कुणा भाच्याने दिलेलं.
तांबं. व्यास सेहेचाळीस सेंटिमीटर. एक कडी नाही.
काठावर:
सौ. बकुळा
मग एक फूल,
मग, हिस आत्याकडून. माघ शके १८८४.

ळ मोजला.
एकोणीस.

बाबा उगाच फूल काढत नसत.
मागितलं तर पाच पाकळ्या, चार आणे, विषय संपला.
न मागता आलेलं फूल म्हणजे चूक.
तांब्यावर खोडता येत नाही, ते म्हणत,
फुलवता येतं.

हे अकरा पाकळ्यांचं आहे. लांबट, ओढून ताणून,
आत एक अख्खं आडनाव झोपेल एवढं.

दिवा तिरका धरला, भिंग लावलं.
टिंबांखालची टिंबं वर आली:
एक वेलांटी, एक उभा दंड,
आणि शेवटी स्पष्ट, कर.
कुठलं गाव, ते पाकळीने खाल्लंय.

घंगाळासोबत फोटो आलाय.
राखी पुठ्ठ्यावर डकवलेला, कन्या शाळेचा स्टाफ, १९८१.
खुर्च्यांवर सात, मागे नऊ उभ्या,
पायाशी शिपाई, मांडीवर पितळी घंटा.
खाली पांढऱ्या शाईत डावीकडून नावं.
चौथी: कु. बकुळा रिसबूड, गणित.

दुःखी वगैरे दिसत नाही.
घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलंय,
आणि फोटो काढतानाच शेजारणीने काहीतरी म्हटलं असावं,
ओठ दाबून धरलेत.

आत्या घंगाळ घेऊन परत आली असेल,
पायरीवरूनच म्हणाली असेल, एवढं काढून टाका.
काढता येत नाही.
मग?
मग बाबांनी काही विचारलं नसणार.
पोगर उचलला असेल.
पैसे घेतले का, कोण जाणे.
आणि सौ. कसं राहिलं?
आत्या बोलली नसेल,
किंवा बाबांचा हात तिथवर गेला नसेल.
दोन टिंबांत झाकता आलं असतं, खरं तर नाही,
निदान पाच लागली असती.

आतून तळ गुळगुळीत झालाय.
म्हणजे वापरलं. रोज.
फूल भिंतीकडे करून की समोर,
त्याला नोंदवहीत रकाना नाही.

बुडाशी पातळ वार्निश लावते,
ते वाळलं की वर बारीक आकडा घालते,
पुढेमागे पुसता येईल असा. आमचा नियमच आहे तसा.
बाबांना हसू आलं असतं.

पलीकडे टायपिंगवाल्या मुलाने भरून टाकलंय:
नाम, बकुला. अलंकरण, पुष्प.

पुष्प राहू दिलं.
ला काढून ळा केला.

मॅडम, क्या फर्क पड़ता है, तो म्हणाला.
दहा पैशांचा, मी म्हटलं,
आणि चार दुकानं पुढे चालायचा.