जागल

कळमना मार्केट, मिरचीचं यार्ड.
सात शेड एका ओळीत, रात्रीचे सात तासही एका ओळीत.
बाबांच्या ड्युटी-रजिस्टरचा नियम असा:
माणूस जिथे उभा ती शेड राखली,
त्या तासाला तिच्या डाव्या-उजव्या शेडही राखल्या,
आणि त्याच शेडवर
तासभर आधी त्याच्या येण्याचा धाक,
तासभर नंतर शिट्टीची जरब.

पुस्तकात याला प्रभुत्व म्हणतात.
बाबा म्हणायचे, जागल.

"ओळीले तीन पायजे, रातीले तीन. तीन त्रिक नऊ.
नवाच्या खाली उतरली रंजू, तं मिरची गेली समज."
प्रत्यक्षात बारा लागत.
पण नवाच्या खाली कुणालाच जमलं नाही,
शेठजींनी माणसं कापली तेव्हाही.

एम.एस्सी.ला कळलं, हा तर जगाचा अडलेला प्रश्न.
कुठलीही दोन जाळी घ्या, एकमेकांत गुंफा,
राखणदार गुणाकाराहून कमी लागणार नाहीत,
असा नुसता अंदाज.
साठ वर्षांत लोक अर्ध्यापर्यंत पोचले:
गुणाकाराच्या निम्मे तरी लागतातच, एवढी खात्री.

मी सायकल हाणत घरी आले.
बाबा, एका जाळ्यात फेरा नसला तर तुमचं सिद्ध झालेलं आहे!
शेड कशाही गुंतवा,
रात्र सरळ जाते ना, दहानंतर अकरा.
ते कूलरमध्ये पाणी ओतत होते.
"मंग? रात सरळच अस्ते."

आता नसते.
दोनला उठून ते साडेसहाची कुलपं ओढून बघतात.
चारला दहा वाजतात,
आणि दहाला लागूनच ते साल
जेव्हा पाच नंबरची शेड पेटली होती.
तासांना फेरे पडलेत.

नंदनवनातलं घर: दोन खोल्या, मोरी, गच्चीचा जिना.
मी, प्रफुल्ल, बुधवारी इंदूमावशी.
खरं तर एवढ्याशा घरात प्रश्नच उरत नाही,
कागदावर.
जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानावर मी चौकटी आखते,
खोल्या आडव्या, तास उभे,
आणि पेन अडतं:
कुठला तास कुठल्या तासाचा शेजारी?

काल पहाटे जिन्यावर बसलेले दिसले, मुठीत शिट्टी.
"सात नंबर खाली हाय," म्हणाले.
कुठे उभी राहू, मी विचारलं.
त्यांनी मोरीकडे बोट दाखवलं.
गेले.