शेवटच्या बाकावरची वही

पाटोळे बाई वर्गात आल्या तेव्हा मी
अंश आणि छेद यांच्यामधली रेघ मारत होते.
खडू मोडला.
बाई काही न बोलता मागे जाऊन बसल्या,
मल्हारीच्या शेजारी, त्याचं दप्तर मांडीवर घेऊन.
मोठ्या बाई आपल्या बाकावर, म्हणून तो इतका ताठ बसला
की त्याला बघून मीही ताठ झाले.

दारूखान्याकडून लोखंड कापल्याचा आवाज
आमच्या शाळेत घंटेइतकाच ठरलेला.
त्याच्यावर आवाज चढवून मी शिकवलं,
समच्छेद, लसावि,
सगळं वेळेत, फळा काठोकाठ भरून,
आणि मनात शेऱ्याची वाट पाहिली:
समाधानकारक.
किंवा ते दुसरं.

मधल्या सुट्टीत बाईंनी वही पुढे केली.
शेरा नव्हताच.
बाकांचे चौकोन होते, एकेचाळीस नावं,
आणि नावापुढे काड्या,
कोण किती वेळा बोललं त्याच्या.
पुढच्या दोन रांगांत काड्यांचं कुंपण.
खिडकीची रांग वरपासून खालपर्यंत कोरी.
"मला मोजता येतं तेवढं मोजलं," म्हणाल्या,
"का ते तुम्ही सांगा."

मला राग आला.
रात्री भांडी जरा जोरातच घासली.

सोमवारी त्यांनी वही माझ्या हातात दिली
आणि खडू स्वतः घेतला.
सहावी ब. तोच धडा.
ऑफिसात बसून नऊ वर्षं झालेली, सवय मोडलेली;
बाई फळ्यावर आठाचा तीन करून बसल्या, पुसला, हसल्या.
मग विचारलं, तीन अष्टमांश मोठा की अर्धा?
आणि थांबल्या.
थांबणं इतकं लांबलं
की मलाच घाम फुटला;
मी असते तर कधीच उत्तर सांगून मोकळी झाले असते.

खिडकीच्या रांगेतून नाझनीन म्हणाली,
"तीन सूत. अर्धा इंच म्हणजे चार सूत.
अब्बा पाइप मोजतात ना."
बाईंना सूत माहीत नव्हतं.
मलाही.
बाईंनी तिच्या हातात खडू दिला
आणि तिच्या जागेवर जाऊन बसल्या.

मी वहीत काडी मारली. जरा लांबच गेली.
तास संपला तेव्हा अर्धा धडा उरलेला,
पोरं पट्टी घेऊन खिडकीचे गज मोजत होती,
शेजारच्या वर्गातून तक्रार.
तेही लिहिलं मी, न घाबरता.
बाईंनी वाचलं. "गोंधळ झाला खरा.
आता हा नीट कसा घालायचा, सांगा."

पुढचं सगळं काही गोड नाही.
मतदार याद्यांचं काम आलंच, खिचडीचं रजिस्टर आलंच.
गुरुवारचा माझा एक तास बाई स्वतः घ्यायच्या,
म्हणजे मी गुरव सरांच्या वर्गात मागे बसावं.
गुरव सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.
मग एकदा डबा खाताना, वर न बघता, म्हणाले,
"काय, माझ्या कुठल्या रांगेत काड्या नाहीत?"

मल्हारी मार्चमध्ये गावी गेला, परत आला नाही.
त्याच्या चौकोनात वर्षभराची एकच काडी,
तीही "बाई, पाणी पिऊन येऊ?" याची.
ही धरायची का, मी विचारलं.
बाईंनी चष्मा काढला, पदराला पुसला,
पुन्हा घातला.
"धरा," म्हणाल्या. "विचारलं ना त्याने."